डावीकडसून पाव इंच

उम्म अल कुवैनच्या खोरीवर पहाटे साडेचारला
आम्ही हात घातला, मी आणि शफीकुल.
ऑगस्टात साडेबारानंतर इथे कोणी धातूला शिवत नाही,
पानेसुद्धा पाण्याच्या बादलीत ठेवावे लागतात.

बोट चोवीस फुटी, उबैदच्या बापाची.
इंजिनं नवी, रंग नवा,
आणि तळाच्या पाण्यावर पेट्रोलचा तवंग, मोरपंखी.
पाइप बदल, म्हणाला.
आधीच्या दोघांनी पाइपच बदलले होते.
मी नाक खाली घातलं, आणि म्हटलं, टाकी.
"मग झाकण कुठाय तिचं?"

झाकण नाही.
आधी टाकी ठेवली, मग वरून डेक जडवला,
फायबर, रेझिन, पुन्हा फायबर.
टाकी बोटीहून जास्त जगेल, हा हिशेब,
किंवा बोटच लवकर मरेल, हा.
दोन्ही चुकले. बोट एकवीस वर्षांची आहे.

पेट्रोल हातपंपाने काढलं, दोन पिंपं.
एक दिवस एक रात्र पंख्याने आत वारा घातला.
मग करवत. दीड इंचाहून खाली नाही.
शफीकुल विझवायचं नळकांडं धरून उभा,
बायकोच्या फोनला उत्तर न देता.

डेकचा तुकडा उचलला. खाली पिवळा फोम,
भिजलेल्या पावासारखा, मुठीत दाबला की पाणी.
टाकी हलू नये म्हणून भरलेला.
हलली नाही ती. पाणीही हललं नाही.
ॲल्युमिनियमच्या तळाला पांढरी बुकटी
आणि खिळ्याच्या टोकाएवढी भोकं. अकरा मोजली,
मग मोजणं सोडलं.

टाकी दोरांनी वर ओढली तेव्हा
रिकाम्या खळग्याच्या भिंतीवर,
रेझिनखाली, सुताराच्या पेन्सिलीने:
३२
डावीकडसून पाव इंच कमी आसा. बघून घे.

आसा.
रत्नागिरीचा माणूस असं लिहिणार नाही.
मी उकिडवा बसलो तिथेच. घाम डोळ्यांत गेला,
एवढंच झालं, असं शफीकुलला सांगितलं.
मग टेप लावली.
मागच्या टोकाला, डावीकडे, खरंच पाव इंच कमी.
कंपनीच्या कागदावर सरळ बत्तीस,
तेच मी अजमानला कुरियनला कळवलेलं.
फोन केला. पत्रा कापला होता, दुमडला नव्हता.
त्याने मल्याळममध्ये बरंच काही म्हटलं
आणि नवं माप लिहून घेतलं.

तो कारखाना आता टायरचं दुकान आहे.
पलीकडचा म्हातारा रखवालदार म्हणाला,
होता एक, तुमच्या मुलखातला, राजू.
त्या काळी आम्हां सगळ्यांनाच राजू म्हणत.

उबैद खळग्यात वाकला. बोटाने आकडा गिरवला.
"इथनेन व थलाथीन," म्हणाला,
"हे तर आमचं लिहिणं."
३ त्यांचाही जवळजवळ असाच. २ सुद्धा.
मी वाद घातला नाही.
खालची ओळ काय म्हणते, विचारलं त्याने.
म्हटलं, बघून घे, म्हणते.

नवी टाकी साबणाच्या पाण्याने तपासली,
एकही बुडबुडा नाही.
खाली रबराच्या पट्ट्या, बाजूंनी हवा खेळायला जागा,
अर्थची तार, श्वासाची नळी, भरायची नळी.
मागे डावीकडे ती बसली
दाराच्या कडीसारखी, आवाज करून.

डेकवर या वेळी झाकण केलं. बारा स्क्रू.
बंद करण्याआधी मी त्याच्या ओळीखाली लिहिलं:
फोम घालू नको.
"कौन पढ़ेगा, भाई?" शफीकुल म्हणाला.
मी खाली तारीख घातली. नाव घालायचं होतं,
पण देवगडचं घालू की इथलं,
हे ठरेना.

साडेबारा व्हायला दहा मिनिटं होती.
पेन्सिल कानामागे खोचली
आणि बादलीतून पाना काढला.